विशेषणं

शब्द मीच काढून दिले होते, हे आधी सांगते.
आदल्या संध्याकाळी प्रिडमोर वकिलांच्या ऑफिसात
हीटरपाशी पाय शेकत, जाड कोश मांडीवर घेऊन:
अब्यूसिव्ह. ऑफेन्सिव्ह. स्करिलस.
व्हिट्यूपरेटिव्ह, जो टाइप करताना दोनदा चुकला.
सगळे कसे इस्त्रीचे शब्द,
लॅटिनातून आलेले, हातमोजे घालून,
शिवीला स्वतः न शिवता
चिमट्यात धरून दाखवणारे.

सकाळी हलच्या ट्रायब्यूनलात
ॲव्हिस ब्लँचर्ड साक्षीच्या खुर्चीत बसली, अगदी कडेवर.
हंबर ओलांडून आलेली, ग्रिम्सबीची.
एकतीस वर्षं हॅडकचे काटे काढले.
उजव्या अंगठ्याला नख नाही.
चर्चला घालायचा कोट, आणि कोटाखालून
कुठल्याच साबणाला न जुमानणारा तो वास.

प्रिडमोरांनी माझी यादी वाचली.
"बाई, व्यवस्थापकांना चारचौघांत तुम्ही जो शब्द वापरलात
तो अब्यूसिव्ह होता, मान्य?"
"तो चार अक्षरांचा होता, साहेब.
बाकीचं तुम्ही म्हणताय."
कोणीतरी हसलं.
अध्यक्षही हसले. म्हणाले,
जुन्या इंग्रजीत असल्या बोलण्याला बिलिंग्जगेट म्हणत,
लंडनच्या मासळीबाजारावरून.
तिथल्या बायकांची तोंडं म्हणजे...
आणि चष्मा पुसू लागले.

ॲव्हिस म्हणाली, "त्या मासेही विकायच्या ना?
त्यावरून नाही पडला एखादा शब्द?"

हे मी लिहून घेतलं.
कोणी सांगितलं नव्हतं, तरी खाली रेघ मारली.

"आमच्या टेबलावर आम्ही अकरा जणी.
एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पेट्या भरायचो.
बर्फात बोटं बधिर होतात,
तोंड चालू ठेवलं की रक्त फिरतं.
माझा नवरा बोटीवरून परत आला नाही तेव्हा
डॉट मला म्हणाली... ते इथं म्हणता येणार नाही.
त्या आठवड्यात तेवढंच एक
माझ्याशी कोणी धड बोललं."

"आणि मिस्टर हॅल्डनबी? ते कधी टाकून बोलले?"
"कधीच नाही.
गुड मॉर्निंग मिसेस ब्लँचर्ड, म्हणायचे.
बसा, म्हणायचे.
आणि खुर्चीवर वर्तमानपत्र पसरायचे.
मी बसायच्या आधी.
दर शुक्रवारी, पगार देताना. सहा वर्षं.
मी उठले की दोन बोटांनी उचलून टोपलीत."

प्रिडमोरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी यादीकडे.
डेरोगेटरी? पण ते बोलले कुठे.
इन्सोलंट? तो खालच्याने वरच्याशी वागायचा शब्द,
उलट्या दिशेला चालत नाही.
कॉन्ट्यूमेलियस जवळ येतो, पण तो उच्चारेपर्यंत
समोरचा माणूस घरी पोचतो.
माझ्या यादीतल्या बहुतेक शब्दांना आधी तोंड लागत होतं,
आणि त्या कागदावर बोलणारं काही असलंच
तर हवामान आणि फुटबॉल.

"त्या शुक्रवारी," ॲव्हिस म्हणाली,
"त्यावर माझ्या मुलीचं लग्न छापून आलं होतं.
फोटोसकट.
मी म्हटलं, तेवढं पान नको.
ते म्हणाले, पान कुठलं का असेना.
मग मी तो शब्द बोलले."

जेवणाच्या सुट्टीत शिपाई ती खुर्ची पुसायला आला.
तो रोजच पुसतो. प्रत्येकानंतर पुसतो.
मला माहीत आहे.
तरी मी म्हटलं, राहू द्या.
"का हो?" त्यानं विचारलं, फडकं हातात तसंच.
मी शॉर्टहँडची वही उघडली, परत मिटली.

निकाल तीन आठवड्यांनी आला. आम्ही जिंकलो.
व्हिट्यूपरेटिव्ह दोनदा आहे त्यात.
स्पेलिंग बरोबर.