विचारून घ्या

सदतीस वर्षं म्हापशाच्या एका औषधालयात
मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.
'वापरण्यापूर्वी हलवा.'
'मुलांपासून दूर ठेवा.'
'फक्त बाहेरून लावण्यासाठी.'
त्या डिंकाची चव जिभेवरून अजून गेलेली नाही.

आता शिवोलीत, चिऱ्यांच्या कुंपणाआड,
माझं दुकान मातीत आहे.
पुदिना न्हाणीच्या पाटाशी लावला होता, तिथून उचलला.
त्याला ओल हवी, साबण नको.
ओव्याच्या पानांना फुटकी बालदी चालते,
रंगाचा जुना डबा मात्र मी कशालाच देत नाही,
कितीही घासला तरी.
किरायतं आपण होऊन उगवलं. कडू माणसाला आमंत्रण लागत नाही.
कडेला अडुळसा, शेजारची बकरी त्याला तोंड लावत नाही म्हणून.
आणि फाटकाशी गुलाबी कण्हेर,
दिसायला चांगली, अगदी एकटी.
तिच्या बुंध्याला मी लाल चिंधी बांधली आहे.

नावं लिहिते बियरच्या डब्यांच्या पत्र्यावर, खिळ्यानं कोरून.
शाई इथल्या पावसात आठवडा काढत नाही.

चतुर्थीला भाचा रानातून माटोळीचं सामान आणतो,
त्यात कळलावीचं फूल असतं, पेटलेल्या बोटांसारखं.
मी बांधते तेही.
पण देवाच्या डोक्यावर टांगलेलं सगळंच
पोटात जायचं नसतं,
हे त्याला दरवर्षी सांगते,
आणि तो दरवर्षी हात न धुता करंज्या उचलतो.

एवढं सगळं मला ठाऊक.
आणि तरी, नाताळाच्या आदल्या आठवड्यात,
क्लोतिल्दनं भिंतीवरून हात पुढे केला:
'खोकलो गो बाय, अडुळशाचीं पानां दी.'
मी अकरा पानं खुडून दिली,
डॉक्टरची चिठ्ठी बघितल्यासारखी.

रात्री ताटं विसळताना आठवलं:
काल तिची सून ज्युडिट याच भिंतीशी
मीठ लावून बिंबलं खात होती.
चार खाल्ली. डोळा बारीक केला नाही.

नळ तसाच वाहत राहिला.
मी गाऊनवर टॉवेल टाकून, विजेरी घेऊन,
कुत्र्याच्या अंगावरून त्यांच्या स्वयंपाकघरात.
पातेलं चुलीवर होतं. पाणी हिरवं व्हायला लागलेलं.
'खोकला कुणाला?'
क्लोतिल्दनं मानेनंच दाखवलं.
आणि मी, एवढी जुनी बाई,
सासूसमोर त्या पोरीला विचारून बसले:
'दिवस राहिलेत का तुला?
राहिले असतील तर हे नको. थेंबभरही नको.'

तिनं बोटीवरच्या नवऱ्यालासुद्धा अजून कळवलं नव्हतं.
माझ्याकडे बघितलं, जसं चोराकडे बघतात.
मग खाली बघितलं.
क्लोतिल्दनं गॅस बंद केला.
बराच वेळ कुणीच पातेल्याला हात लावला नाही.

त्या रात्रीपासून माझ्याकडे तीन प्रश्न आहेत.
कुणासाठी? आधीच्या गोळ्या कोणत्या? दिवस?
उत्तर आल्याशिवाय देठ मोडत नाही.
कोरफड मागितली तरी आधी पान उभं करून ठेवते,
पिवळा चीक निथळू देते, तोवर बोलत राहते.
लोक म्हणतात, म्हातारी चार पानांसाठी जबानी घेते.
म्हणोत.
बालदीच्या कडेला नवा पत्रा आहे,
त्यावर झाडाचं नाव नाही:
'वापरण्यापूर्वी विचारा.'

ज्युडिट दोन महिने माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या महिन्यात आली, बिंबलं मागायला.
मी विचारलं नाही काही.

आज सकाळी भिंतीवर क्लोतिल्दचं डोकं उगवलं
आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं सुरू केलं:
'म्हाकाच जाय. गुळी प्रेशराची, सकाळीं एक.
आनी दीस…'
तिनं पदर नसलेल्या छातीवर हात ठेवला,
'अडुसष्टाव्या वर्सा, बाय, सायबाक खबर!'

आतून पाळण्याची करकर थांबली, परत सुरू झाली.
मी हसत पुदिन्याकडे वाकले,
आणि तरीही, सवयीनं,
खुडण्याआधी पान चुरगळून
वास घेऊन बघितला.