खाजणाची हद्द

परळच्या तळघरात, जिथे मोबाइलला रेंज नसते,
मी दिवसाला चाळीस काप रंगवते.
मेंदूचे काप, एकेक मिलिमीटरचे.
लाल म्हणजे जिथे गाठ औषध पिऊन चमकते,
पिवळं आतलं मेलेलं,
हिरवी भोवतीची सूज.
माझं बघून मशीन शिकतं.
सुरुवातीला ते डोळ्याच्या बुबुळालाही गाठ म्हणायचं.
आता माझ्याआधी रेघ ओढून मोकळं होतं
आणि मी नुसती खोडरबर धरून.

पुंडलिक केणी मुलीचा हात धरून आले.
सिटी सर्व्हेतले निवृत्त मोजणीदार.
उजव्या पायात चप्पल, डावा अनवाणी,
आणि त्याची त्यांना खबर नाही.
पाऊण तास ठोकाठोकीत निजून बाहेर आले, म्हणाले,
"आत लोहार बसवलाय काय? नकाशा दाखवा आता."

पेशंटला दाखवायचा नसतो. दाखवला.

उजव्या मेंदूतली गाठ पडद्यावर डावीकडे दिसते,
आणि डावीकडचं जग केण्यांच्या दप्तरातून
महिन्याभरापूर्वीच कमी झालेलं.
"प्लॉट मोकळाच दिसतोय," ते म्हणाले.
मुलीने तोंड फिरवलं.
मी पडदा उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवला.

चष्मा पुसला. पुन्हा लावला.
"ही हद्द कोणी आखली?"
मशीनने.
"जागेवर गेलं होतं?"

मला उत्तर सुचेना.
ते मात्र गोराईला पोचले होते, तरुण, गुडघाभर चिखलात :
"खाजण मोजायचं म्हणजे, बाई,
भरतीला पाणी, ओहोटीला जमीन.
साखळी न्यायची कुठवर?
आम्ही तुटक रेघ मारायचो,
शेजारी तारीख, तिथी, वेळ.
साहेबाला पक्की रेघ हवी असायची.
मी म्हणायचो, चला साहेब, चप्पल काढा."

मशीनला तुटक रेघ चालत नाही.
प्रत्येक ठिपका एक, नाहीतर शून्य.
हिरव्याच्या कडेला मी आणि पर्सिस
चार मिलिमीटरवरून भांडलो.
चार मिलिमीटरमध्ये
एका माणसाचा डावा हात राहू शकतो,
शर्टाची बटणं लावण्यासकट.

फाइलमधून नाव पुसलं. आता ते केस चारशे सतरा.
संध्याकाळी शादाबला म्हटलं, मला आणखी एक रंग दे. राखाडी.
"लेबल काय लिहू?"
खाजण.
"मॉडेल गोंधळेल."
गोंधळू दे की थोडं.

त्याने दिला, पण फक्त माझ्या कॉम्प्युटरवर.
कापाच्या कोपऱ्यात मी तारीख टाकली, वेळ टाकली,
तिथीसाठी वॉचमनच्या खोलीतलं कॅलेंडर बघून आले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता
डॉक्टर जागेवर जाणार आहेत.