पोटकलम ङ

टेप घेऊन आर्डिस कोवाल्केच्या गॅरेजात गेलो
तेव्हा टेबलावर एक अकॉर्डियन उघडं पडलं होतं,
त्याच्या पोलादी जिभा एकेक काढून
अंड्यांच्या खोक्यात मांडलेल्या.
"मोजा," ती म्हणाली,
"मला मधे धरू नका म्हणजे झालं."

विस्कॉन्सिनातल्या आमच्या गावाचा नियम असा:
निवासी विभागात घराची पाव जागाच धंद्याला.
पाटी एक फूट बाय एक फूट, दिवा नको.
बाहेरचा नोकर नको.
आणि गॅरेजात एक गाडी मावेल एवढं कायम मोकळं.
गाडी नव्हती.
नवरा गेला त्याच हिवाळ्यात तिने ओल्ड्समोबिल विकली,
काँक्रीटवर तेलाचा डाग तेवढा उरला.
त्या डागाभोवती मी खडूने चौकोन आखला.
म्हटलं, इथे काही ठेवायचं नाही.
"इथे मी तसंही काही ठेवत नाही."

तक्रार शेजारच्या लाइल झास्ट्रोची.
निळ्या शाईत दीड पान:
बुधवारी तीन गाड्या,
त्यातली एक थेट त्याच्या टपालपेटीसमोर,
एक पोल्का बँडवाला रात्री नवापर्यंत बसलेला,
बर्फ काढणाऱ्या ट्रकला वळायला जागा नाही.

सुनावणी मंगळवारी झाली.
नगरभवनातला रेडिएटर खडखडत होता,
त्याला कुणाची परवानगी लागत नाही.
मंडळातल्या एकाने विचारलं, हा उद्योग आहे की छंद?
"एका भात्याचे एकशे ऐंशी डॉलर घेते," आर्डिस म्हणाली,
"छंदाला कोण देतं?"
हसले सगळे. सहा विरुद्ध एक, मंजूर.

अटी मीच टाइप केल्या.
गिऱ्हाइकं दिवसाला दोन, गाडी आवारात, नऊ ते पाच.
आणि छापील नमुन्यात आधीपासून बसलेलं पोटकलम ङ:
आवाज, वास, धूर, कंप, यांपैकी काहीही
मालमत्तेची हद्द ओलांडता कामा नये.
ते मी खोडलं नाही.
खोडावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

वर्षाने फेरतपासणी. एप्रिल,
कुंपणाच्या बुडाशी मळका बर्फ.
आवाजमापक घेऊन हद्दीच्या खुंटीशी उभा राहिलो.
दार उघडं होतं. ती स्टुलावर,
पट्टे खांद्यांवर, वाद्य छातीशी,
अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरलेलं,
आणि भाता उघडत होती, मिटत होती.
सूर एकही नाही.
नुसता श्वास, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा,
आत जाताना जरा अडखळणारा.

गळती एवढ्यानेही कळते, तिने नंतर सांगितलं.
आणि सूर?
"ते घरी जाऊन वाजवून बघा म्हणते.
बेसूर निघालं तर परत आणतात.
मग दोन गाड्यांत ती एक धरावी लागते."

काटा हलला नाही.
फॉर्मवर मी शून्य लिहिलं.

कुंपणापलीकडे लाइल, हातात फावडं.
"हल्ली वाजवत नाही ती?"
"तुमचीच तक्रार होती."
"गाड्यांची!" तो म्हणाला.
"मी गाड्यांचं लिहिलं होतं. आवाजाचं कुठे लिहिलं होतं?
एक वॉल्ट्झ आहे तिची, शेवटाला दर वेळी चुकते.
मी पायरीवर बसून राहायचो,
म्हटलं आज तरी जमेल."

फाइल चाळली. खरंच नव्हतं.
दीड पानात आवाज हा शब्दच नव्हता.

पोटकलम काढायचं तर नवा अर्ज,
पंचाहत्तर डॉलर, लगतच्या मालकाची सही.
"आणा," लाइल म्हणाला,
आणि फावडं चिखलात रोवून
हात विजारीला पुसले.

अर्ज आणायला मी गाडीकडे वळलो.
ती मी त्याच्याच टपालपेटीसमोर लावली होती.