चाचणीचा फोटो

माघातलं लग्न. अल्बम कधीच पोचवला,
पैसेही आले, शेवटचे तीन हजार सोडून.
आणि आता ऐन ज्येष्ठात, बाहेर लू सुटलेली,
हर्डीकरांचा निषाद दौलतगंजातल्या माझ्या दुकानाचे
तीन जिने चढून आला.
डोकं भादरलेलं.
"द्वारकाआत्याचा एक चेहरा हवाय," म्हणाला.
"परवा तेरावा. घरात एकही सापडत नाही."

खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं, हार्ड डिस्क लावली.
दोन हजार तीनशे सोळा फ्रेम.

आधी रुखवत. ते आत्यानेच मांडलेलं:
गजकाचा किल्ला, त्यावर मानमंदिरातली निळी बदकं, साखरेची.
किल्ल्याचे अकरा फोटो आहेत.
आत्याचं एक मनगट, काचेच्या दोन बांगड्या,
कललेलं बदक सरळ करताना.

सीमांतपूजनात पदराचं टोक.
मंगलाष्टकांत ती अक्षता वाटतेय, म्हणजे
पुढे झालेले तळहात दिसतात, वाटणारी नाही.
सप्तपदीला कुणाच्या तरी फेट्यामागे अर्धा अंबाडा.
ग्रुप फोटोच्या वेळी मी ओरडलो होतो,
"मागे कोण राहिलंय? या रे सगळे!"
ती तेव्हा माझ्या कोपरापाशी उभी होती
कुणाचं तरी रडकं पोर कडेवर घेऊन,
पोराची आई फोटोत यावी म्हणून.

निषाद पडद्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता.
भिंतीवर माझी स्पितीची नदी,
ओरछाच्या छत्रीवर पंख सुकवणारं गिधाड.
त्या गिधाडासाठी मी चार पहाटा
दगडावर पालथा पडून होतो.
हे त्याला सांगितलं नाही.

मग आठवलं ते फोल्डर,
जे गिऱ्हाइकाला दाखवत नाही
आणि आळसापायी पुसतही नाही.
दुपारचे चार. हॉल रिकामा.
त्या कार्यालयाचे दिवे म्हणजे
एक जांभळा, दोन पिवळे, खिडकीतून धुक्याचा निळा.
पांढरं कशाला म्हणायचं
हे अशा ठिकाणी कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं.
ताम्हन घेऊन कुणी बाई चालली होती.
"मावशी, जरा हा कागद धरता? छातीशी."
"अहो, मी कशाला? माझा नको."
"तुमचा नाही हो, कागदाचा काढतोय."

तेव्हा कुठे उभी राहिली.

तीन फ्रेम.
पहिलीत ती कागदाकडे बघतेय, सुलटा धरलाय ना म्हणून.
दुसरी जांभळी पडलीय.
तिसरीत थेट माझ्याकडे, ओठ किंचित उघडे:
"आला का नीट?"

त्या कागदावरूनच मग सगळ्यांचे रंग लावले मी,
नवरीचा शालू, विहिणींचे मोती, भटजींचं धोतर.

निषाद बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"हातातला कागद काढता येईल?"
येतो. हल्ली काहीही काढता येतं.
काढलासुद्धा. पण बोटं तशीच राहिली,
नसलेलं काहीतरी जपून धरलेली.
दोघांनी बघितलं. परत ठेवला.

जाताना त्याने तीन हजार मोजून ठेवले, न मागता.
"आणि ह्याचे?"
"चाचणीचे घेत नाही आम्ही."

तेराव्याला मी गेलो नाही.
त्या दिवशी मुरारला एक बारसं होतं.
नवा हॉल, दिवे सगळे एकजात पांढरेशुभ्र,
शिकवायचं काही कारणच नव्हतं.
तरी पाळण्याची दोरी घेऊन लगबगीने जाणाऱ्या
एका बाईला मी थांबवलं.
"मावशी, एक मिनिट.
हा कागद जरा धरता का?"