सव्वा इंच

जानेवारीची वीस तारीख उलटली की मी
लग्नसराईचे ब्लाउज, पोरांचे गणवेश, सगळं मागे सारतो.
दापोलीत पेन्शनरांचे कोट येऊ लागतात.
डांबरगोळ्यांचा वास, खिशात गेल्या वर्षीच्या
झेंडावंदनाचं निमंत्रण, लिमलेटच्या गोळीचा कागद.

रिबिनी मीच बसवतो पट्टीवर.
प्रत्येकीची रुंदी सव्वा इंच.
पायदळ असो, बोट असो, विमान असो,
सुताला ठाऊक नसतं
कोण कुठे मरता मरता राहिला.
क्रम मात्र चुकून चालत नाही.
एकदा उलटी लागली, तर गिम्हवण्याचे हवालदार पवार
भर दुकानात सावधानमध्ये उभे राहून ओरडले होते.

सुभेदार तुकाराम शिगवण:
बर्फाखालून तीन पोरं ओढून काढली.
छातीवर मेडल. एसटी स्टँडसमोर सत्कार.
गावच्या कमानीवर नाव, त्यात वेलांटी चुकलेली.

हर्णैचा विनायक चोगले:
बोटीच्या पोटात बॉयलरपाशी आग लागली,
यानं वाफेत हात घालून झडप फिरवली.
चौघं वर आले. मग हा.
कप्तानाचं पत्र मिळालं, टाईप केलेलं,
खाली शाई फुटलेली सही.
शिफारशीचा कागद वर गेला तसा परत आला.
शेरा: कर्तव्याचा भाग.
आता बंदरावर बर्फाच्या कारखान्यात
लाद्यांचा हिशेब लिहितो.

यंदा दोघं एकाच दुपारी आले.
जुन्या वहीत मापं शोधली.
छाती अडतीस.
छाती अडतीस.

शिगवण म्हणाले,
"आमच्या मेजरला लिहायची हौस.
दोन पानं लिहिली माझ्यावर.
वाचून मलाच वाटलं, हा कोण बुवा?
याच्या कप्तानानं चार ओळी खरडल्या, बोट सुटली.
आणि म्हणे कामच होतं याचं!
मग माणसं उकरणं माझं काय होतं, रजा?"

चोगले काही बोलला नाही.
अडकित्त्यानं सुपारी कातरत होता, डाव्या हातानं.
उजवा मांडीवर उपडा.
शिगवण चहा सांगायला बाहेर गेले
तेव्हा हळूच म्हणाला,
"बाही जरा लांब होईल काय रे?
सलामीला हात वर गेला की दिसतं."

इथं माझंही सांगायला हवं.
शिगवणांच्या कोटाची इस्त्री मी सहा वर्षं फुकट करतोय.
आमचा दोघांचा फोटो आहे, मशीनच्या वर, हारासकट.
चोगलेकडून चाळीस रुपये घेतो. मोजून.
असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.
दिल्लीहून काही कागद आला नव्हता.

रात्री बाही उसवली.
आम्ही शिंपी शिवणीच्या आत
जास्तीचं कापड दुमडून ठेवतो,
पुढेमागे माणूस अंगानं भरला तर.
त्याला माया म्हणतात.
नियम बेतणाऱ्यांनी ती सोडलेली दिसत नाही,
काठाला काठ भिडवून शिवलंय,
मापात बसला तो बसला.

या कोटात होती.
टेप लावली, सव्वा इंच भरली.
उलगडली, पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली.
भस्सकन वाफ उठली
आणि मी हात मागे घेतला.

बाकी कोट खाऱ्या वाऱ्यानं विटून
राखेच्या रंगाला आलेला.
आतून निघालेली पट्टी मात्र
शिवली त्या दिवसाइतकी निळी,
मनगटाभोवती, लांबून दिसेल अशी.
रंग लावून जुळवता आली असती.
तशीच ठेवली.

सकाळी चोगलेनं कोट चढवला.
आरशासमोर हात वर केला.
बराच वेळ वरच ठेवला.
मग खाली घेऊन पाकीट काढलं.
"चाळीसच ना?" म्हणाला.