शीर : नाही

फॉर्मात चौदा रकाने. मी भरत गेले.
सापडली कुठे : तेरणेकाठी, घोडक्यांच्या विहिरीजवळ, बांधात.
दगड : काळा बेसाल्ट.
उंची : एक वीत चार बोटं (सेंटिमीटर नंतर).
काळ : बारावं शतक, पुढे प्रश्नचिन्ह.
शीर : नाही.

देवळाच्या भिंतीवरच्या साऱ्याजणींना नावं आहेत.
आरशात बघणारी दर्पणा,
मांडीवरचा विंचू झटकणारी,
आंब्याची डहाळी वाकवून उभी शालभंजिका,
जिच्या टाचेनं झाड मोहरतं म्हणतात.
कॅमेऱ्यापुढे त्या अजूनही कंबर मोडून उभ्या.

ही मात्र उताणी.
गुडघे दोहीकडे, बेडकीसारखे,
तळवे आभाळाला,
आणि मानेच्या जागी पाकळ्या.
सोळा मोजल्या, एक फुटकी.
पोट इतकं गुळगुळीत
की ते छिन्नीचं काम नव्हे, हातांचं.

धुरपता बांधावर बसून बघत होती.
निम्मं गाव तिच्या हातावर उतरलेलं,
सरकारी दवाखाना झाल्यापासून
ती लोकांच्या रानात हरभऱ्याची भाजी खुडते.
"काय लिवलीस गं?"
वाचून दाखवलं.

"शीर न्हाई म्हणं!
अगं, लेकरू उंबऱ्याशी आल्यावर
कुण्या बाईला डोस्कं ऱ्हातंय?
नाव ऱ्हात न्हाई, गाव ऱ्हात न्हाई."

मग डबीतलं लोणी बोटांवर घेऊन
तिनं त्या पोटावरून हात फिरवला,
डावीकडून उजवीकडे, दाबत, थांबत,
आडवं आलेलं फिरवतात तसा.

नियमानुसार मी अडवायला हवं होतं.

समोर ज्वारी पोटऱ्यात होती.
येळवस चार दिवसांवर,
घोडक्यांची सून कडब्याची खोप बांधत होती,
एक हात पेंढीवर, एक कमरेवर.
वारा आला
आणि अख्ख्या रानानं कूस बदलली.

रात्री निलंग्याच्या लॉजवर नोंद साफ लिहून काढली.
'शिराच्या जागी कमळ' लिहायचं होतं.
सकाळी पाहते, तर मधला म राहिलेला.
शिराच्या जागी कळ.

खोडरबर हाताशीच होतं.
गाडी खाली हॉर्न वाजवत होती.
तसंच घडी घालून पाकिटात टाकलं.

चौदावा रकाना उरला होता, शेरा.
तो गाडीत, मांडीवर धरून भरला,
अक्षर हललेलं :
दगड कोमट लागला.
ऊन असावं.