पत्र्याची लिफ्ट

शारजात, अल नहदातल्या आमच्या इमारतीला
तीन लिफ्ट आहेत.
दोन आरशाच्या, एक पत्र्याची.

मे महिन्यात आरशांच्या मधोमध कागद लागला:
डिलिव्हरीवाल्यांनी या लिफ्ट वापरू नयेत.
अरबीत, इंग्रजीत, खाली उर्दूतही,
म्हणजे कळलं नाही असं कुणी म्हणायला नको.
मोफिजुलनं तो चिकटवला,
चारी कोपरे अंगठ्यानं दाबून, एकही बुडबुडा न ठेवता.
मोफिजुल वॉचमन. तोही पत्र्याच्याच लिफ्टनं जातो.
त्याला कधी कागद लावून सांगावं लागलं नाही.

लिस्सी टीचर म्हणाल्या, बरं झालं,
हेल्मेटांचा आंबूस वास यायचा.
नवव्या मजल्यावरचे अबू तारीक म्हणाले, हराम आहे हे,
आणि बटण दाबून वर गेले.
बायकोनं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं
आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागली.
किल्ली तिच्या हातातच होती.

मला तो वाचावा लागला नाही.
लांबूनच ओळखला,
गावाकडचा माणूस चालीवरून ओळखावा तसा.
उमरग्याच्या अलीकडे, फाट्यावरच्या हाटेलात
वळचणीला खोचलेली असायची एक बिनकानाची कपबशी.
बापू ती स्वतः काढायचे, स्वतः विसळायचे,
वरून धार धरून ओतलेला चहा
फुंकर न घालता प्यायचे, लवकर संपावा म्हणून.
तिथं कागद नव्हता, टेप नव्हती.
अख्ख्या गावाला पाठ होतं.

आणि मी काय केलं?
दोन महिने त्याच आरशात टाय नीट केला.
व्हिसा आहे, पोरीची फी आहे,
भाडेकराराची तारीख जवळ आलीय.
कारणांना काय, बोलावलं की येतात.

जुलैत एका रात्री जेवण मागवलं.
पत्र्याची लिफ्ट नेमकी बंद.
इम्दाद चौदा मजले चढून दारात उभा राहिला,
भुवयांवरून घाम पिशवीवर ठिबकत.
म्हटलं, थांब, पाणी देतो.
आत मांडणीपुढं माझा हात
स्टीलच्या पेल्यापाशी थांबला.
क्षणभरच. पण थांबला.
बापूंच्या पोराचा हात.
बाहेर गेलो ते प्लास्टिकची बाटली घेऊन.
तो म्हणाला, अल्ला खुश रखे.

पुढच्या वेळी फोनवरच सांगितलं, मीच खाली येतो.
नको साहेब, तो म्हणाला,
दारापर्यंत आलो नाही असं ॲपात दिसलं
की पैसे कापतात.
म्हणजे माझा चांगुलपणाही
त्याच्याच खिशातून जाणार होता.

तेव्हापासून मी पत्र्याच्या लिफ्टनं येतो-जातो.
कचऱ्याचे डबे, गॅसच्या टाक्या, कुणाचा तरी फ्रीज,
त्यात मी, टाय लावून.
यानं कुणाचं काही अडलं नाही.
मोफिजुल तेवढा म्हणतो,
साहेब, ती लिफ्ट रिकामी आहे.
त्याला वाटतं मला कागद नीट कळला नाही.

कागद अजून आहे.
परवा त्याचा खालचा एक कोपरा सुटलेला दिसला.
मोफिजुलनं खिशातून टेप काढली,
जरा वेळ कोपऱ्याकडे बघितलं,
टेप परत खिशात ठेवली.

रात्री भांडी आवरून बायको
किल्लीच्या टोकानं नखातलं काहीतरी
चिकट कोरत बसली होती.
मी विचारलं नाही.
पाणी मात्र तिच्यासाठी, माझ्यासाठी
स्टीलच्या पेल्यात ओतलं,
आणि तिसरा पेला
विसळून दाराजवळ पालथा ठेवला.